उपाशी राहणारी

आजही पाळलेल्या कोळिणीच्या पेटीतून तिनं न खाल्लेला रातकिडा तसाच बाहेर काढला. चिलीतल्या कोरड्या, झुडपी माळरानातली ही गुलाबी केसांची टॅरँटुला महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते हे मला पाठ आहे. तरी जीव टांगणीला लागतोच. पाण्याची वाटी भरावी, तर सकाळी तिच्यात माती लोटलेली. बिळाचं तोंड बुजवून बसली की जिवंत आहे का तेही कळत नाही, आणि उकरून बघणं हा तिच्यावर अन्याय.

सगळ्यांत कठीण कात टाकण्याचा दिवस. पाठीवर उताणी, पाय पसरलेले, तासन्‌तास निश्चल. मेलेल्या टॅरँटुलाचे पाय पोटाखाली आवळले जातात, कारण ते ताणून धरणारा शरीरातल्या द्रवाचा दाब उतरतो. हे ठाऊक असूनही हात पेटीकडे जातो. तेव्हा स्पर्श नको, जिवंत भक्ष्यही नको; मऊ पडलेल्या अंगाला तोच रातकिडा कुरतडतो. पुढे सुळे टणक होईपर्यंत पुन्हा उपास.

मला राग येतो तो या टॅरँटुला विकणाऱ्यांचा. मादी 20 वर्षं जगू शकते, नर वयात आल्यावर फार टिकत नाही, हे कुणी सांगत नाही. मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच सांगते.