बंगई का थांबते?

मेहकरच्या आमच्या जुन्या घरात ओसरीवर एक बंगई आहे. पुण्या-मुंबईकडची मंडळी तिला झोपाळा म्हणतात. आम्ही वऱ्हाडातली माणसे बंगईच म्हणतो. सागवानी फळी, चार पितळी साखळ्या आणि तुळईतले आकडे, एवढाच तिचा संसार. तिच्यावर बसून मी आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले. पण मी स्वतः कुठे चुकलो ते मात्र तिने मला अगदी म्हातारपणी दाखवले.

मी पदार्थविज्ञान शिकवीत असे. १९७८ सालची गोष्ट. अकरावीच्या वर्गात सरल आवर्त गती चालली होती. टोकाला वस्तू क्षणभर थांबते, तेव्हा सारी ऊर्जा स्थितिज. मध्यातून सुसाट जाते, तेव्हा सारी गतिज. बेरीज मात्र कायम. मोठ्या ऐटीत मी ते फळ्यावर लिहिले आणि चौकट आखली. इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, बेरीज कायम राहते, तर आमची बंगई का थांबते?"

वर्ग हसला. मीही तरुण होतो, हसलो. "परीक्षेत घर्षण नाही असं धरायचं असतं. बस खाली!" ती बसली. त्या वर्षी तिचा हात पुन्हा वर झाला नाही. ते माझ्या ध्यानात आले तेव्हा परीक्षा होऊन गेली होती.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याची नात आली. अकरावीचे पुस्तक तिने बरोबर आणले होते. आदल्या दिवशी आम्ही तिला लोणार दाखवून आणले होते. आकाशातून आलेल्या एका धोंड्याने काळ्या पाषाणात पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर पाडले, हे काठावर उभे राहून पाहिले म्हणजे माणूस गप्पच होतो. नात मात्र गप्प होईना. "आबा, त्या धोंड्याची एवढी गती गेली कुठे?" मी सांगितले, "खडक फुटले, उडाले, काही तर वितळले. तिथे काचेचे बारीक मणी सापडतात, ते त्या उष्णतेचेच."

दुसऱ्या दिवशी बंगईवर पाय सोडून बसली असता तिने विचारले, "मग या झोपाळ्याची गती कुठे जाते?"

मला एकदम तो मागचा बाक आठवला. या खेपेला मी "घर्षण नाही असं धर" म्हटले नाही. उठलो, खडू आणि टेप घेऊन आलो.

आकड्यापासून फळीपर्यंत अंतर अडीच मीटर भरले. फळी मध्यापासून ७० सेंटीमीटर बाजूला ओढली, तर ती वर चढते जेमतेम १० सेंटीमीटर. पोर आणि फळी मिळून ६० किलो धरले, तर साठवलेली ऊर्जा झाली सुमारे ५९ ज्यूल. सोडली की मध्यावर तिचा वेग सेकंदाला १.४ मीटर.

आता निम्म्या वाटेवर, ३५ सेंटीमीटरवर, किती उंची उरते? नात म्हणाली, "पाच." मोजली, तर भरली अडीच! म्हणजे अंतर निम्मे राहिले तेव्हा स्थितिज ऊर्जा पावच उरली. पाऊण हिस्सा गतीत गेला. सूत्रात अंतराचा वर्ग का असतो, ते मी इतकी वर्षे सांगत आलो होतो. खडूच्या खुणेवर मात्र त्या दिवशी प्रथमच पाहिले.

मग तिला स्वस्थ बसवून फळी सोडली आणि झोके मोजले. ७० चे ३५ व्हायला १२ झोके लागले. झोका निम्मा झाला, म्हणजे पाऊण ऊर्जा गेली. पण कुठे? तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, त्या कड्यांना तेल घाला आधी! दुपारपासून कुरकुर चालली आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. ती कुरकुर हेच उत्तर होते! आकड्यांत तेल सोडले, पुन्हा मोजले. आता १९ झोके. म्हणजे ऊर्जा नाहीशी होत नव्हती. कड्या घासून तापत होत्या, थोडी आवाजात जात होती, थोडी वारा हलवण्यात. मग कड्या हाताला गरम का लागत नाहीत? कारण सगळीच्या सगळी ५९ ज्यूल ऊर्जा पेलाभर पाण्यात ओतली, तरी ते एका अंशाच्या दहाव्या हिश्श्यानेही तापणार नाही. बेरीज कायमच होती. मीच बेरजेतली एक रक्कम लिहायची राहिलो होतो.

भिंतीवरच्या घड्याळाला आठवड्याला किल्ली द्यावी लागते, ती याचसाठी. ह्यूजेन्झने १६५६ साली लंबकाचे घड्याळ केले, तेव्हा घर्षण पुसून टाकणे त्याच्याही हातात नव्हते. घर्षणाने दर झोक्याला जेवढे नेले, तेवढे वजनाच्या ओढीने परत देण्याची सोय तेवढी त्याने केली.

घर्षण नाही असे धरण्यात चूक नाही; गणित सोपे होते. चूक झाली ती त्या वाक्याने पोरीचे तोंड बंद करण्यात. नियम मोडतो की काय, अशी तिला शंका आली होती. खरे शिकणे तिथूनच सुरू व्हायचे होते, आणि नेमके तिथेच मी तिला खाली बसवले.

ती मुलगी आज साठीच्या पुढे असेल. दिवाळी अंक तिच्याही घरी येत असतील. बाई, हे पान तुमच्या हाती पडलेच, तर एवढे ऐका: तुमचा प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. कधी मेहकरला आलात, तर बंगईवर बसायला या. हल्ली ती कुरकुरत नाही. थांबते मात्र अजूनही.