तीस रुपयांची परतफेड

तलासरी तालुक्यातील झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील उत्तरेकडचे अखेरचे गाव. दक्षिणेला बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या, पश्चिमेला समुद्र, आणि गावाची शीव ओलांडली की उंबरगाव. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली; उंबरगाव गुजरातेत गेले, झाई महाराष्ट्रात राहिली. बोलण्यात, बाजारहाटात आणि सोयरिकीत ही रेषा फारशी कोणाला जाणवत नाही. कागदावर मात्र ती पक्की आहे. झाईचा दावा अपिलांच्या पायऱ्या चढत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जातो, तर हाकेच्या अंतरावरील उंबरगावचा दावा अहमदाबादला. जमिनीच्या उताऱ्याला दोन्हीकडे सातबाराच म्हणतात. नाव एक असल्यामुळे नियमही एकच असावा असा समज होतो, आणि कागद करणाऱ्याचा पाय तेथेच घसरतो.

झाईतील जमिनीचे खरेदीखत कोणी सोयीसाठी उंबरगावात, गुजरातच्या मुद्रांकावर केले, तर काय होते? महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या १९ व्या कलमाप्रमाणे तो कागद या राज्यात आला की शुल्कातील फरक येथे भरावाच लागतो. तो भरेपर्यंत न्यायालय त्या कागदाकडे पुरावा म्हणून पाहत नाही. नोंदणीचा प्रश्न याहून कठीण. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार जमीन ज्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत, नोंदणी त्याच्याकडेच. त्यातही तलासरी आणि डहाणू हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाने आदिवासीची जमीन बिगर आदिवासीच्या नावे विकत देण्यास शासनाच्या मान्यतेने दिलेली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी अनिवार्य केली आहे. ही अट वकिलाच्या नजरेतून निसटली तर व्यापाऱ्याचे पैसे अडकतात, आणि ज्याच्यापाशी जमिनीशिवाय दुसरे काहीच नाही, त्याचे तर सर्वस्व टांगणीला लागते.

वैद्य चुकला तर रोगी भोगतो; वकील चुकला तर अशील. अपिलाची तीस दिवसांची मुदत वकिलाच्या विस्मरणाने टळली, तरी दार बंद होते ते अशिलाचे. विलंब माफ करण्याचा अधिकार १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या पाचव्या कलमाने न्यायालयाला दिला आहे, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते. १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने अशिलाच्या बाजूने पाऊल टाकले. वकील तारखेला गैरहजर राहिला म्हणून ज्या पक्षकाराचे अपील निकालात निघाले होते, त्या निरपराध माणसाला वकिलाच्या कसुरीची शिक्षा नको, असे ठरवून अपील पुन्हा सुनावणीस घेण्याचा आदेश न्यायालयाने दिला. खर्चही गैरहजर वकिलाकडून वसूल करावा असे सांगितले. तथापि प्रत्येक अशिलाला दिल्लीपर्यंत जाण्याइतके त्राण नसते. म्हणून पहिला प्रश्न असा पडतो की चूक झाल्यावर वकील स्वतः अशिलासाठी काय करतो.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात सापडते. तेथे एक तरुण बॅरिस्टर उलटतपासणीसाठी उभा राहिला आणि एकही प्रश्न न विचारता खाली बसला. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी.

त्यांच्या विद्यार्जनाची कथा आजच्या विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. लंडनच्या इनर टेंपलमध्ये त्यांचे नाव नोंदले गेले ते नोव्हेंबर १८८८ मध्ये. बॅरिस्टर होण्यासाठी बारा सत्रे पूर्ण करावी लागत, आणि सत्र पूर्ण करणे म्हणजे ठराविक संख्येने भोजनास हजर राहणे. चौघांच्या पंक्तीला मद्याच्या दोन बाटल्या मिळत. निघण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन मुनींनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा मोहनदासांना दिली होती. त्यामुळे त्यांच्या वाट्याचे मद्य उरलेल्या तिघांत वाटले जाई, आणि आपल्या पंक्तीला गांधी असावेत अशी इतरांत चढाओढ लागे. मुनींच्या प्रतिज्ञेचा असाही लाभ परक्या देशातील मद्यप्रेमींना झाला! परीक्षा सोप्या असत; रोमन कायद्याच्या परीक्षेत शंभरातील पंच्याण्णवाहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण होत. गांधींनी मात्र मूळ ग्रंथ कष्टाने वाचले. १० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले, दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयात नाव नोंदवले आणि तिसऱ्या दिवशी स्वदेशाकडे निघाले. हिंदू कायद्याचे आणि मुस्लिम कायद्याचे ज्ञान शून्य. साधी फिर्याद कशी लिहावी, हेही ठाऊक नाही.

मुंबईत उतरले त्याच दिवशी डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी श्रीमद् राजचंद्रांची भेट झाली. आपल्याला येत होते तितक्या युरोपीय भाषांतील शब्द गांधींनी त्यांच्यापुढे ठेवले आणि राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. विलायतेत कधीही न गेलेल्या जवाहिऱ्यासमोर विलायतेच्या विद्येचा तोरा तेथेच बराचसा उतरला.

उरलेला उतरवण्याचे काम मुंबईच्या न्यायालयांनी केले. गिरगावात बिऱ्हाड करून गांधी रोज पाऊण तास चालत उच्च न्यायालयात जात. चाललेले खटले नीट समजत नसत, आणि कित्येकदा तेथेच त्यांना डुलकी लागे. आजूबाजूला इतरही पेंगणारे सोबती असत. त्यामुळे हळूहळू लाज वाटेनाशी झाली आणि न्यायालयात डुलकी घेणे ही एक प्रतिष्ठित रीतच आहे असे वाटू लागले, असे त्यांनीच पुढे आत्मकथेत लिहिले. त्या दिवसांत वीरचंद राघवजी गांधी हे त्यांचे मित्र सॉलिसिटरच्या परीक्षेची तयारी करीत होते. फिरोजशहा मेहतांना पुराव्याचा कायदा मुखोद्गत आहे, आणि नव्या बॅरिस्टरने पाचसात वर्षे कामाविना काढणे यात नवल नाही, अशा गोष्टी ते सांगत. धीर देण्यासाठी सांगितलेल्या या गोष्टींनी धीर खचतच गेला असावा. वीरचंदांचे नाव जैन वाचकांना शिकागोच्या १८९३ च्या सर्वधर्म परिषदेमुळे परिचित आहेच. सम्मेदशिखरजीच्या प्रकरणात मूळ कागद बंगालीत आहेत असे दिसल्यावर त्यांनी कलकत्त्यात मुक्काम ठोकून ती भाषा शिकून घेतली, ही त्यांची कथाही समाजात अनेकांना ठाऊक आहे. कागद हाती घेण्यापूर्वी कागदाची भाषा शिकावी, हे त्या मित्राला उमगले होते. मोहनदासांना ते उमगायला अजून दोन वर्षे लागायची होती.

अखेर एक दावा हाती आला. मामीबाई नावाच्या स्त्रीचा, लघुवाद न्यायालयातील, एका दिवसात संपण्याजोगा. दलालाला काही द्यावे लागेल, असे सांगण्यात आले. गांधींनी ठाम नकार दिला. तरीही काम मिळाले. मेहनताना ठरला तीस रुपये. प्रतिवादीतर्फे उभे राहायचे आणि वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची, इतकेच काम. ते उभे राहिले, पाय कापू लागले, डोके गरगरू लागले, सारे न्यायालय फिरते आहे असा भास झाला; प्रश्न एकही सुचेना. न्यायाधीश हसले असतील, वकिलांची तर करमणूकच झाली असेल. ते खाली बसले, आपल्याकडून हे होणार नाही असे मुनिमाला सांगितले, पटेल नावाच्या वकिलाला काम देण्यास सुचवले आणि आपला मेहनताना परत घेण्यास सांगितले. पटेलांनी एक्कावन्न रुपये घेतले. त्यांना तो खेळ होता.

या प्रसंगाकडे लोक बहुधा लाजाळूपणाची कथा म्हणून पाहतात आणि हसून पुढे जातात. हिशेबाच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे दिसते. बाईंना तीसऐवजी एक्कावन्न रुपये पडले, म्हणजे एकवीस रुपयांची तोशीस. पण बॅरिस्टरसाहेबांनी काहीतरी दोन-चार अर्थहीन प्रश्न विचारून वेळ मारून नेली असती, तर त्यांचे तीस रुपये आणि अब्रू दोन्ही वाचली असती आणि नुकसान सारे बाईंचे झाले असते. नकार ऐन वेळी, भर न्यायालयात आला, हा दोष खराच. परंतु त्याची किंमत त्यांनी आपल्या खिशातून आणि आपल्या अब्रूतून दिली. ती रक्कम त्यांना जड नव्हती असेही नाही. लवकरच ते पंचाहत्तर रुपये पगाराच्या शिक्षकाच्या जागेसाठी एका शाळेत गेले, आणि पदवीधर नसल्यामुळे तेथेही नाकारले गेले. मुंबईचे बिऱ्हाड मोडून ते राजकोटला परतले.

१८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेला गेले. दावा चाळीस हजार पौंडांचा, आणि निम्मा विषय जमाखर्चाचा. कागदांत ‘पी. नोट’ हा शब्द वारंवार येई. तो शब्दकोशात सापडेना. शेवटी त्यांनी पेढीतील कारकुनालाच विचारले, तेव्हा कळले की पी. नोट म्हणजे प्रॉमिसरी नोट, वचनचिठ्ठी. व्यापाऱ्याच्या घरातील शाळकरी मुलालाही ज्याचा अर्थ कळावा, ते बॅरिस्टरला कारकुनाकडून शिकावे लागले. त्यांनी जमाखर्चाचे पुस्तक विकत घेतले आणि वह्या वाचायला शिकले. दादा अब्दुल्ला आणि प्रतिपक्ष तय्यब शेठ एकमेकांचे नातलग. दाव्यात दोघेही धुऊन निघतील हे त्या वह्यांतूनच ध्यानात आले. गांधींनी प्रकरण लवादाकडे नेले. सदतीस हजार पौंड आणि खर्च असा निवाडा झाला. तय्यब शेठना ती रक्कम एकदम देणे म्हणजे दिवाळे काढणे होते. तेव्हा दादा अब्दुल्लांचे मन वळवून दीर्घ मुदतीचे हप्ते बांधून देण्यात आले.

आता त्या आफ्रिकेतीलच दुसरे प्रकरण. एका मोठ्या दाव्यातील हिशेबाचा भाग न्यायालयाने जाणकार हिशेबनिसांच्या लवादाकडे सोपवला होता. निवाडा गांधींच्या अशिलाच्या बाजूने लागला. कागद तपासताना दिसले की लवादांच्या हातून एक रक्कम जमेऐवजी नावे, किंवा नावेऐवजी जमा, अशी उलट्या बाजूला पडली आहे. रक्कम लहान, पण निवाडा रद्द व्हायला पुरेशी. प्रतिपक्षाने निवाड्याला हरकत घेतली होती ती वेगळ्याच कारणांसाठी. ही चूक त्याच्या ध्यानात नव्हती. ज्येष्ठ वकिलांचे मत स्पष्ट होते: अशिलाच्या विरुद्ध जाणारी गोष्ट कबूल करण्यास वकील बांधलेला नाही. गांधी म्हणाले, चूक कबूल करावी. धोका पत्करायला अशील तयार असावा. शेठ थोडा वेळ गप्प राहिले. मग, हरलो तर हरलो, काम तुम्हीच चालवा, असे त्यांनी गांधींना सांगितले. ज्येष्ठ वकिलांनी अशा अटीवर उभे राहण्यास नकार दिला. न्यायालयात चुकीचा उल्लेख होताच ही लबाडी नाही काय, असा उलट सवाल एका न्यायमूर्तींनी केला. आरोप जिव्हारी लागणारा होता. पण या वेळी त्यांची वाचा गेली नाही. त्यांनी हिशेब उलगडून दाखवला, आणि न्यायालयाने ती चूक दुरुस्त करून उरलेला निवाडा कायम ठेवला.

लघुवाद न्यायालयात नेमके काय नव्हते, हे येथे कळते. वक्तृत्व नंतरही बेताचेच राहिले. वह्या मात्र या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचलेल्या होत्या.

वकिलांच्या आजच्या फजित्या नव्या यंत्रांमुळे होतात, पण त्यांची जात जुनीच आहे. न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी सहा निवाड्यांचे दाखले दिले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. संगणकीय संवाद-प्रणालीने ते रचून दिले होते. प्रतिपक्षाला ते कोठेच सापडेनात. न्यायालयाने प्रती मागितल्या, तेव्हा वकिलांनी त्याच प्रणालीकडून घेतलेला मजकूर हजर केला. २२ जून २०२३ रोजी त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. न्यायाधीशांचा रोष चुकीपेक्षा ती चूक लक्षात आणून दिल्यानंतरच्या वागण्यावर अधिक होता. आपल्याकडेही बंगळूरच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या एका आदेशात अस्तित्वात नसलेले निवाडे आल्याचे उघड झाले. न्यायाधिकरणाने तो आदेश थोड्याच दिवसांत मागे घेतला. मागे घेतला, ही त्यातली जमेची बाजू.

चूक लपवण्याची हौस वकिलांनाच असते असे नव्हे. नाताळातील पारशी रुस्तमजी हे गांधींचे अशील आणि निकटचे स्नेही. मुंबई-कलकत्त्याहून मोठ्या प्रमाणावर माल आणणारे हे व्यापारी अधूनमधून जकात चुकवीत. बाकी सारे ते गांधींना सांगत. एवढेच सांगितले नव्हते. पकडले गेल्यावर डोळ्यांत पाणी आणून ते आले. गांधींनी सल्ला दिला तो तुरुंगाची तयारी ठेवून जकात अधिकाऱ्याला सारे सांगण्याचा, आधीच्या न पकडलेल्या चोऱ्यांसकट. दंडाच्या मागणीवर प्रकरण मिटले: कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट. रुस्तमजींनी ती भरली. नंतर त्यांनी साऱ्या प्रकरणाची हकीकत लिहून काढली, तिला चौकट करून घेतली आणि पुढच्या वारसांच्या व व्यापारी बांधवांच्या नजरेस पडावी म्हणून आपल्या पेढीच्या भिंतीवर टांगली.