मान सरळ ठेव

लग्नाचा बस्ता बांधायला नगरच्या कापड बाजारात यायचं, हा आमच्या जिल्ह्याचाच नव्हे, तर शेजारच्या बीडकरांचाही जुना रिवाज. पाथर्डी, जामखेड, आष्टीकडची मंडळी सकाळच्या एसटीने माळीवाड्याला उतरायची आणि दुपारपर्यंत दुकानातल्या पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग व्हायचा. पुढे पुरुष, मागे बायका. नवरीचा शालू ठरवायला तिचा चुलता, मामा, होणारा दीर, गावातला एखादा जाणता आणि खुद्द दुकानदार एवढी माणसं लागत. नवरी बहुधा घरीच असे. आलीच, तर 'पसंत आहे ना गं?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे तिला ठाऊक असे. शालूनंतर मानपानाची पातळं निघत. सासूचं कितीचं, आत्याचं कितीचं, चुलत विहिणीला कोणतं दिलं म्हणजे ती मांडवात तोंड वाकडं करणार नाही! नात्यात कुणाची काय किंमत आहे, हे त्या गादीवर जितकं स्वच्छ कळे तितकं दुसरीकडे कुठेच कळत नसे.

आता नवरी पुढे बसते. मोबाइल तिच्या हातात आणि मोबाइलमध्ये तिच्या पुण्याच्या मैत्रिणी. तिच्या घागऱ्याचा रंग नवऱ्याच्या शेरवानीला जुळतो का, हे तिथल्या तिथे व्हिडिओ कॉलवर ठरतं. चुलते-मामे खुर्च्यांवर बसून थंड पितात आणि बिलाच्या वेळी जागे होतात. हे असंच व्हायला हवं होतं, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण दुकानदाराने साडी झटक्यात उलगडली की मागच्या ओळीतल्या सगळ्या बायकांचे हात एकदम पुढे यायचे, चिमटीत धरून पोत पाहिला जायचा आणि पसंतीचा किंवा नापसंतीचा एकच हुंकार उठायचा. त्या बायकांना मत कुणी विचारलेलं नव्हतं. हात लावायचा हक्क मात्र त्यांनी सोडलेला नव्हता. आता साडी फोटोत दिसते, आणि फोटोला पोत नसतो.

आम्ही म्हणजे सत्तरच्या दशकात तेल चोपडलेल्या दोन वेण्या लाल रिबिनीने वर बांधून नगरच्या शाळांत गेलेल्या मुली. आमच्या आज्या नऊवारीतल्या, आया गोल साडीतल्या, आम्ही पंजाबी ड्रेसपर्यंत पोचलेल्या आणि आमच्या लेकी जीन्समध्ये वाढलेल्या. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पिढीला बुडती कलाच वाटली. माझ्या आईने काष्टा सोडून गोल साडी नेसायला सुरुवात केली तेव्हा सासरच्या गावात जी चर्चा झाली, ती पुढे आमच्या ओढणीवरही झाली नाही. 'चालताना पायात घोळते, शेतात वाकायचं कसं?' हा आजीचा आक्षेप होता आणि तो खरा होता. काष्ट्यात बाई विहिरीत उतरू शकते, घोड्यावर बसू शकते. गोल साडीत तिला एसटीच्या पायऱ्या चढतानाही एक हात निऱ्यांवर ठेवावा लागतो. नवं ते सुटसुटीत, हा समज त्या वेळी तरी साफ खोटा ठरला. तरीही आईला गोल साडीच हवी होती, कारण शहरातल्या मास्तरीणबाई तशी नेसत. आज तीच गोल साडी 'आपली परंपरा' म्हणून आम्ही लेकींना ऐकवतो. त्या ऐकतात, हा त्यांचा चांगुलपणा.

आजीचं लुगडं इथलंच असे. नगर आणि भिंगारला तेव्हा हातमाग होते. तोफखान्याच्या बाजूने गेलं की पद्मशाल्यांच्या घरांतून मागाचा खटखटाट ऐकू येई. पण त्या लुगड्याचं कौतुक करताना अशी लुगडी किती असत, हेही सांगायला हवं. एक अंगावर, एक दांडीवर. मधोमध विरलं की फाटका भाग काढून चांगली दोन टोकं जोडायची, म्हणजे दंड घालायचा, आणि ती शिवण निऱ्यांत लपेल अशा बेताने नेसायचं. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या लुगड्यांना दंडावर दंड होते. अगदीच जीर्ण झालं की त्या जुनेराची गोधडी व्हायची, त्याआधी ते बाळंतिणीच्या बाजेवर पसरायचं, उरलेल्या चिंध्यांचं पोतेरं. आज आम्ही त्या मऊ जुनेराच्या आठवणीने गहिवरतो. ते मऊ होतं कारण ते वर्षानुवर्षं दगडावर आपटलं गेलं होतं, आणि आजीकडे दुसरं नव्हतं.

आता कपाटाचं दार लावायला गुडघा लागतो. चाळिशीतली कोणतीही बाई कपाटासमोर उभी राहून 'घालायला काहीच नाही' म्हणते आणि तिला तसं मनापासून वाटत असतं. लेगिंग्जची गोधडी होत नाही. जॉर्जेटची साडी बोहारीणसुद्धा नाक मुरडून घेते. मध्यंतरी एक काळ नायलॉनचाही येऊन गेला, धुतलं की वाळलं, इस्त्रीची कटकट नाही. आमच्या आया त्या साड्यांवर लुब्ध होत्या. त्याच काळात वर्तमानपत्रांत 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही चौकट वरचेवर दिसे. नायलॉन अंगाला चिकटून जळतं, हे खरं. आणि सगळेच भडके स्टोव्हचे नव्हते, हेही सगळ्यांना माहीत होतं. स्मरणरंजन करायला बसलं की ही चौकट कुणी काढत नाही, म्हणून मुद्दाम काढली.

पण खरं बोलायचं ते केसांबद्दल.

रविवारची न्हाणी हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम होता. आदल्या रात्री खोबरेल कोमट करून टाळूवर जिरवायचं. सकाळी बंब पेटवायचा, शिकेकाई उकळायची, तिच्यात रिठे, वाळलेली संत्र्याची साल, कुणाकडे नागरमोथा. मग घरातल्या मुली ओळीने बसायच्या आणि आई एकेकीचं डोकं चोळत जायची. शिकेकाई डोळ्यांत गेली की जी आग व्हायची तिच्यावर आईचं एकच औषध होतं, 'डोळे मिट म्हटलं होतं ना!' त्यानंतर गच्चीवर, नाही तर वाड्याच्या चौकात केस वाळवत बसणं. शेजारच्या काकू, वरच्या मजल्यावरची वहिनी, तिची नणंद, सगळ्यांचे केस मोकळे आणि जिभाही. गुंता काढायला पुढची मागचीच्या हवाली. फणीत आलेल्या गुंतवळाची गुंडाळी करून तिच्यावर थू थू करायचं आणि ती भिंतीच्या फटीत ठेवायची, कारण महिन्याकाठी केसांवर फुगे आणि सुया देणारा यायचा. सगळ्या वाड्यातल्या बातम्या, कुणाला दिवस राहिले, कुणाचा नवरा पितो, त्या उन्हातच कळत. वेणी घालणारीला तोंड दिसत नाही, त्यामुळे जे समोरासमोर बोलता येत नाही ते पाठमोरं बोलता येई. लग्न ठरलेल्या मुलीला चार गोष्टी सांगायच्या असत, त्याही अशाच, तिसरा पेड दुसऱ्यावर टाकता टाकता.

यात किती उवा होत्या, हे सोयीस्कर विसरलं जातं. निम्मा वेळ उवा-लिखा काढण्यातच जायचा आणि वर्गात एकीला झाल्या की आठवड्याने बाकावरच्या सगळ्यांना. वेणी इतकी आवळून घातलेली असे की भुवया वर ओढल्या जात. शाळेच्या जुन्या फोटोंत आम्ही सगळ्या किंचित आश्चर्यचकित दिसतो, त्याचं कारण हे. आणि ती वेणी आपली नव्हतीच. किती लांब ठेवायची, मध्ये भांग की तिरका, मोकळे सोडायचे का, हे ठरवायला घरात माणसं होती. 1960 मध्ये 'लव्ह इन शिमला' आला आणि साधनाची कपाळावरची झुलपं देशभर गेली, ती आमच्या मोठ्या बहिणींपर्यंतही आली. एका मावसबहिणीने स्वयंपाकघरातल्या कात्रीने ती कापली, तर तिला मामाने आठवडाभर घराबाहेर सोडलं नाही. केस तिचे, नाक मामाचं.

याच्या मागे जायचं तर आणखी काळं आहे. आमच्या लहानपणी एक दूरची आजी होती, आलवणातली, पदराखाली डोक्याचा गोटा केलेली. बालविधवा. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला, संप केला. त्यानंतरही कित्येक वर्षं ही आजी दर काही दिवसांनी वस्तऱ्यापुढे बसत होती. आमच्या वेण्या झाल्या की ती हात फिरवून पाही. 'जड आहे हो,' एवढंच म्हणे. बायकांच्या केसांवर पूर्वी सगळ्यांचं किती लक्ष होतं, असं कुणी हळहळून म्हणालं की मला ती आजी आठवते.

केस कापलेल्या बायका आम्ही पहिल्यांदा पाहिल्या त्या भिंगारच्या छावणीत. रणगाडा दलाचं केंद्र तिथं असल्याने देशभरातल्या अधिकाऱ्यांच्या बायका नगरात येत; बिनबाह्यांचं ब्लाऊज, मानेवर रुळणारे केस, डोळ्यांवर काळा चष्मा. त्या कापड बाजारात आल्या की दुकानदार हिंदीत बोले आणि आम्ही रस्ता ओलांडायचं विसरून पाहत राहू. टीका करत होतो, अर्थातच. घरी येऊन आरशासमोर केस मानेपाशी दुमडूनही पाहत होतो.

आता सावेडी रस्त्यावर दर चार दुकानांमागे एक पार्लर आहे. लेअर, स्टेप, स्मूदनिंग, केराटिन, मध्येच एक बट तांबडी. मुली आत एकट्या जातात आणि वेगळ्याच होऊन बाहेर येतात. कुणाच्या मामाला काही वाटलं तरी तो स्टेटसला अंगठा दाखवतो. स्कूटीवर बसताना मात्र त्याच मुली डोक्याला, तोंडाला, नाकाला स्कार्फ असा गुंडाळतात की फक्त डोळे उरतात. धुळीसाठी, म्हणतात. नगरची धूळ त्या लायकीची आहेच. पण तोंड झाकून चांदबिबी महालाच्या चढावर गेलं की ओळखीचा कुणी भेटला तरी ओळखत नाही, ही सोयही लहान नाही. (तो महाल चांदबिबीचा नाही, सलाबतखानाची कबर आहे, पण नगरकर ऐकत नाहीत.) 1595-96 च्या वेढ्यात चांदबिबी बुरखा घेऊन तलवारीनिशी किल्ल्याच्या तटावर उभी राहिली, असं इतिहास सांगतो. पदर आणि पराक्रम यांची सांगड घालायला मंडळींना आवडते. चौंडीच्या अहिल्याबाईंच्या डोक्यावर प्रत्येक चित्रात पदर असतो आणि आता त्यांचंच नाव जिल्ह्याला मिळालं आहे, तेव्हा व्यासपीठावरून हा पदर मुलींना वरचेवर दाखवला जातो. त्या पदराखालच्या डोक्याने अठ्ठावीस वर्षं राज्य चालवलं, हे सांगायला वक्त्यांना वेळ पुरत नाही.

गंमत म्हणजे जुनं सगळं परत येतंय, आणि आम्हालाच ते ओळखू येत नाही. खण हा चोळीचा; त्याची आता अख्खी साडी मिळते. नऊवारी शिवून मिळते, पेशवाई, मस्तानी, लावणी अशा जातींत. पायजम्यासारखी चढवायची, चेन ओढायची, वर पदर टाकायचा. खिसा हवा असेल तर शिंपी खिसाही देतो. नवरात्रात केडगावच्या देवीला पहाटे चालत जाणाऱ्या बायका वाराप्रमाणे ठरलेल्या रंगात असतात; हे रंग वर्तमानपत्रांनी या शतकात लोकप्रिय केले, पण बँकेतली नवी मुलगी मला म्हणाली, 'तुमच्या वेळी काकू, करडा रंग मिळायला किती त्रास होत असेल ना!' मी हो म्हटलं. तिच्या परंपरेवर बोळा फिरवण्यात अर्थ नव्हता.

शिवलेल्या नऊवारीला आम्ही नावं ठेवली. नेसायचं कसब गेलं, म्हटलं. मग लेकीच्या मंगळागौरीला आम्ही सहा जणी नेसवायला बसलो आणि आमच्यातल्या एकीलाही काष्टा नीट खोचता आला नाही, कारण आम्ही स्वतः तो कधी नेसलोच नव्हतो. आज्या नेसताना पाहिल्या होत्या, तेवढंच. तरी तो तास सुंदर गेला. एकीने निऱ्या धरल्या, एकीने ओचा, एकजण नुसती 'अगं घट्ट नको' म्हणत राहिली. लेक हसून दमली. चेन ओढायला दुसऱ्याचा हात लागत नाही, आणि आमचं दुखणं जर काही असेल तर ते तिथं आहे. पूर्वी बाईला सजायला दुसरी बाई लागायची. तीच बाई तिच्यावर पहाराही करायची. हात तेवढे ठेवू आणि पहारा काढून टाकू, असं करता आलं असतं का? आम्ही करून पाहिलं नाही. वेळ नव्हता, नोकऱ्या होत्या, आणि खरं तर आम्हालाही वेणी घालायचा कंटाळा आला होता. लेकी पाचवीत गेल्या तेव्हा आम्हीच त्यांचा बॉबकट केला, शाळेची बस साडेसहाला येते म्हणून.

माझे केस मी साठीनंतर खांद्यापर्यंत आणले. पांढरे झाले होते, विरळ झाले होते, आणि मामा कधीचे गेले होते. महिन्यातून एकदा पार्लरमध्ये डोक्याला तेल लावून घेते. त्याला तिथे हेड मसाज म्हणतात आणि आईच्या काळात महिन्याचा किराणा आला असता इतके पैसे घेतात. शेवगावकडची एक मुलगी आहे, हात चांगला आहे तिचा. ती मागे उभी राहते, टाळूवर तेल सोडते, आणि बोटं फिरवता फिरवता मध्येच थांबून विचारते, 'काकू, जोर जास्त होत नाही ना?' आईने एवढी वर्षं डोकं चोळलं, हा प्रश्न तिला एकदाही सुचला नव्हता. मी म्हणते, 'नाही गं, अजून थोडा चालेल.'