यादीबाहेरचा प्रश्न

परवां सायंकाळीं आमची नात इतिहासांतील शब्दांची यादी घेऊन आमच्यापुढें बसली. विषय अमेरिकेचा आरंभकाळ. वसाहत, कर, जाहीरनामा, घटना. प्रत्येकापुढें एका ओळींत अर्थ लिहावयाचा होता. आमचें सारें आयुष्य शिक्षकींत गेलेलें. आम्हांस साहजिकच हुरूप आला.

वसाहत म्हणजे परमुलखांत जाऊन केलेली वस्ती. पण सत्ता मात्र मायदेशाची. इंग्लंडच्या अशा १३ वसाहती होत्या. पार्लमेंटांत आमचा प्रतिनिधि नाहीं, मग पार्लमेंटनें आम्हांवर कर कां बसवावा, हें त्यांच्या भांडणाचें मूळ. १७७३ सालीं बोस्टन बंदरांत लोकांनीं चहाच्या ३४२ पेट्या समुद्रांत लोटल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, हें ऐकतांच नात सावरून बसली. १७८१ सालीं यॉर्कटाउन येथें शरण गेलेला कॉर्नवॉलिसच पुढें १७८६ सालीं आपल्याकडे गव्हर्नर-जनरल होऊन आला, हेंही आम्हीं तिला सांगितलें.

मग जाहीरनामा आला. ४ जुलै १७७६. त्यांत सर्व माणसें जन्मतः समान मानलीं आहेत. नातीनें पेन्सिल खालीं ठेविली. "मग आजोबा, तिथें गुलाम कसे होते?"

आम्ही स्तब्ध झालों. हाच प्रश्न आम्हांस पूर्वीं एकदां विचारण्यांत आला होता. नगर जिल्ह्यांतील एका खेडेगांवच्या शाळेंत, शेवटच्या बांकावर बसणाऱ्या, गांवकुसाबाहेरून येणाऱ्या एका मुलानें भर वर्गांत तो विचारला होता. "हें परीक्षेंत येत नाहीं, खालीं बैस," असें आम्हीं म्हटलें. मुलें हंसलीं. त्या मुलानें पुन्हां कधीं हात वर केला नाहीं. आम्हांस उत्तर येत नव्हतें, हें एक कारण. प्रश्न अमेरिकेचा नसून आमच्याच गांवचा आहे, हें उमगलें होतें, हें दुसरें आणि अधिक खरें.

या खेपेस आम्हीं टाळलें नाहीं. जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सनच्याच पदरीं गुलाम होते. १७८७ च्या घटनेंत प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असा हिशेब धरला होता. गुलामगिरी कायद्यानें बंद होण्यास १८६५ साल उजाडावें लागलें, तेंही चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर. समतेचा शब्द लिहिल्यापासून मध्यें ८९ वर्षें गेलीं.

ही हकीकत आमच्यापासून दूर नाहीं. आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या नगर शहरांत सिंथिया फॅरार या अमेरिकन बाईंनीं मुलींच्या शाळा चालविल्या. त्या पाहून आलेल्या जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. आणि १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या लोकांस अर्पण केलें. आमच्या समाजाचें दुखणें त्यांनीं त्या एका शब्दांत सांगितलें होतें.

'समता' या शब्दाची व्युत्पत्ति आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली. अर्थ मात्र त्या मुलानें विचारला होता.

वाचकांच्या घरींही मुलें अशा याद्या घोकीत असतील. सनावळ्या त्यांनीं खुशाल पाठ कराव्या. परंतु एखादें मूल मध्येंच थांबून कांहीं विचारील, तर हें परीक्षेंत येत नाहीं, असें त्यास कोणीं सांगूं नये. आम्हीं तें एकदां सांगितलें. त्या मुलाचें उत्तर आमच्याकडून देणें राहिलें आहे.