घाटावरचा, घाटीत

सोलापूरच्या माळावर वाढलेल्या माणसाला सायकलचा ब्रेक लागतो तो आडव्या आलेल्या म्हशीपुरता. रत्नागिरीहून कशेळीला निघालो तेव्हा डोक्यात हाच हिशेब. भाट्याचा पूल ओलांडला, उजव्या हाताला सुरूचं बन, पलीकडे समुद्र. खुशीत शीळ घालत होतो. पुढच्याच चढाला शीळ बंद पडली.

इथे घाटी उतरली की खाडी, खाडी ओलांडली की पुन्हा घाटी. पावसच्या अलीकडे एकदा, पूर्णगडला मुचकुंदी ओलांडून गावखडीच्या पुढे परत. उतारावर ब्रेकच्या रबराचा करपट वास, चढाला सायकल ढकलत पायपीट. चिऱ्याच्या जोत्यावर सुपारी कातरत बसलेले एक आजोबा म्हणाले, "घाटावरचे म्हणवता नि घाटीला भ्यालात होय?" मग घरातून कोकम सरबत आणवलं. पैसे घेतले नाहीत. चेष्टेत मात्र पुरेपूर वसूल केले.

आणि चढ संपला तर समोर आमचंच माळरान! सडा म्हणतात याला. झाडाचं नाव नाही, काळवंडलेला जांभा कातळ, फटीफटीत वाळलं गवत. एवढा घाम गाळून घरीच पोचलो की काय?

आलो होतो कातळशिल्पातला हत्ती बघायला. युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ साली कोकणातली जी कातळशिल्पं गेली, त्यांत कशेळी आहे. हत्ती सुमारे १८ मीटर लांब, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कातळात कोरलेला. त्याच्या आत मासे नि इतर कितीतरी जनावरं. एवढं वाचून आलो होतो. पण भर दुपारी दहा मिनिटं फिरूनही मला ओरखड्यांपलीकडे काही दिसेना. गुरांमागे आलेला एक पोरगा लांबून माझी गंमत बघत होता.

"काका, काय शोधताय?"

"हत्ती रे."

"त्याच्या पोटातच उभे आहात की!"

चपला काढून कडेला आलो. पोरानं काठी रेषेवरून फिरवत नेली: हा पाय, ही पाठ. तरी डोळ्यांत पुरता बसेना. "ऊन कलू द्या," म्हणाला. थांबलो. पाचच्या सुमाराला रेषांमध्ये सावली उतरली आणि कातळातून सोंड वर आली, मग कपाळ, मग अख्खं धूड. शेजारी आडवी टाकलेली माझी सायकल त्याच्यापुढे टोळासारखी दिसत होती.

पोरगा गुरं वळवत निघाला. जाता जाता ओरडला, "काळोखात घाटी उतरणार? ब्रेक आहेत ना?"


मी दोन्ही दाबून बघितले.