रिकामं असताना हँग होणारं मशीन

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकताना मशीन हँग झालं, की बरेच जण दुसरा डिस्ट्रो शोधतात, नाहीतर ‘एसीपीआय=ऑफ’, ‘नोएपिक’, ‘नोमोडसेट’ असे सगळे पर्याय एकदम बूटच्या ओळीत घालतात. मला दोन्ही पटत नाही. मशीन कधी हँग होतं, यावरून निम्मं निदान होतं. फाइल्स कॉपी होताना, पंखा जोरात फिरत असताना अडकलं, तर आधी उष्णता आणि रॅम तपासावी. पण कीबोर्डला कुणी हातही लावलेला नाही आणि स्क्रीनवरचं घड्याळ थबकलं, तर संशय प्रोसेसरच्या झोपेवर घ्यावा. तेव्हा कॅप्स लॉक दाबून बघावं. दिवा लागला-विझला तर कर्नल जिवंत आहे, अडलंय ते बहुधा डिस्प्लेपाशी. दिवा ढिम्म राहिला, तर दुखणं खोल आहे.

२०१३च्या सुमाराच्या इंटेल ‘बे ट्रेल’ प्रोसेसरांवर, म्हणजे सेलेरॉन जे१९००, एन२८४० वगैरेंवर, हा त्रास फार झाला. काम नसलं की प्रोसेसर सी-स्टेटच्या पायऱ्या उतरत जातो; सी१ ही डुलकी, सी६ ही गाढ झोप. इंटेलच्याच दोषयादीत नोंद आहे, की इंटरप्ट हाताळत असताना कोअर सी६मध्ये गेला, तर ‘काम संपलं’ हा निरोप राहून जाऊ शकतो. मग मागचे इंटरप्ट खोळंबतात. सगळ्या हँगचं मूळ एवढंच होतं असं नाही, पण झोपेवरचा संशय इथं पक्का होतो. तो तपासायला प्रोसेसरला सी१च्या खाली उतरू द्यायचं नाही: बूट होताना येणाऱ्या ग्रबच्या मेन्यूत ‘ई’ दाबायचं, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ लिहायचं आणि एफ१० दाबायचं. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, म्हणून निर्धास्तपणे करून पाहावा.

यावर आक्षेप येतो, की झोप मोडली तर बॅटरी लवकर संपणार. खरंच संपते. पण जे१९०० मुळात १० वॉटचा. डेस्कटॉपवर ही किंमत सहज परवडते. लॅपटॉपवर मात्र आधी नवा कर्नल घालून पाहावा, कारण पुढच्या कर्नलांत यावर उपाय आले आहेत. दुसरा आक्षेप असा, की सगळे पर्याय एकदम घातल्याने मशीन चाललं तर बिघडलं काय? बिघडतं ते हे, की ‘एसीपीआय=ऑफ’मुळे बॅटरीची पातळीही दिसेनाशी होते, आणि कशाने गुण आला हे कधीच कळत नाही. एका वेळी एकच पर्याय घालावा आणि मशीन रात्रभर रिकामं सोडावं, सेकंदकाटा दिसेल असं घड्याळ उघडं ठेवून. सकाळी ते थांबलेलं दिसलं, तर त्याच वेळेच्या आसपासच्या लॉगपासून शोध पुढे सुरू करता येतो.