बिनब्रेकची जावा

झोटवाड्याच्या औद्योगिक भागात एका मिस्त्रीकडे जुनी जावा दुरुस्तीला आलेली. त्याने गिअरचा दांडा आत दाबला, वर फिरवला आणि त्याच दांड्याने किक मारली. गाडी दुसऱ्या किकला बोलली. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून काढलेल्या या गाड्या आपल्याकडे दूधवाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांनी चालवल्या.

जावा मुळात चेक. पण तिथल्या स्पीडवेची, म्हणजे मातीच्या गोल धावपट्टीवरच्या शर्यतीची, जावा निराळी. 500 सीसी, फोर-स्ट्रोक, एकच गिअर, इंधन मिथेनॉल आणि ब्रेक नाहीच. चार स्वार, चार फेऱ्या, जेमतेम मिनिटभराचा खेळ. वळण कायम डावीकडे. मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, हँडल उजवीकडे धरायचं आणि पोलादी तळ बांधलेला डावा पाय मातीवरून ओढत न्यायचा. ब्रेक नसणं वेडेपणाचं वाटतं. पण चौघे खेटून वळत असताना पुढच्याने ब्रेक दाबला, तर मागचे थेट त्याच्या अंगावर. म्हणून ब्रेक नाही!

या गाडीमागचा माणूस यारोस्लाव सिमांडल. स्वतः शर्यतीत उतरणारा माणूस. 1949 साली दिविशोव या लहानशा गावी त्याने ‘एसो’ नावाने शर्यतीची इंजिनं करायला घेतली. 1964 मध्ये हा कारखाना जावात गेला आणि जावाचा शिक्का जगभरच्या स्पीडवेत पोचला.

स्पीडवेच्या स्वारांची कमाई पॉइंटावर. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. गाड्या स्वतःच्या, मिस्त्रीचा पगारही खिशातून. चेक लीग लहान, त्यामुळे पोटासाठी पोलंड, स्वीडन, इंग्लंड. आज या गावी, परवा त्या देशात, व्हॅनमध्ये झोप. मला त्यांचं धाडस मिनिटभराच्या शर्यतीपेक्षा या धावपळीत जास्त दिसतं.

धोका तर आहेच. चेक गाव पार्दुबित्सेची ‘सोनेरी शिरस्त्राण’ स्पर्धा 1929 पासूनची. 1968 साली तिथेच चेक स्वार लुबोश तोमीचेक अपघातात गेला. त्याचा नातूही पुढे स्पीडवेतच आला, नावही तेच. त्या घराने गाडी कशी काय पुन्हा दारात येऊ दिली असेल?

आणखी एक चेक स्वार, आंतोनीन कास्पर, 1982 मध्ये युरोपियन ज्युनिअर स्पर्धेचा विजेता. 2006 मध्ये कर्करोगाने गेला, पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

2024 च्या जागतिक ग्रां प्री मालिकेत यान क्वेख होता. चेक स्वार पुन्हा तिथवर पोचला याचा आनंद वाटला. आता बहुतेक स्वारांच्या गाडीत इटलीचं जीएम इंजिन असतं, दिविशोवचं नव्हे. याचं मात्र मनापासून वाईट वाटतं.